कार्कासोनचा कोट कसा पाहावा

फ्रान्सच्या दक्षिणेला, तुलूझहून भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर, ओद नदीकाठच्या टेकडीवर कार्कासोनचा कोट उभा आहे. दुहेरी तटबंदी, ५२ बुरूज आणि सुमारे ३ किलोमीटर लांबीचे तट असा त्याचा पसारा असून १९९७ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक पर्यटक पूर्वेकडच्या नारबोन दरवाजापाशी बसमधून उतरतात, भेटवस्तूंच्या दुकानांमधून वाट काढतात आणि दोन तासांत परततात. तसे करू नये. या गावाचा इतिहास गल्ल्यांपेक्षा तटाच्या दगडांत अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून आधी नदी, मग दोन तटांमधली मोकळी जागा आणि सर्वांत शेवटी आतले गाव, हा क्रम धरावा.

भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आणि किमान पंधरा दिवस आधी करता येतो. तुलूझहून रेल्वेने तासाभरात कार्कासोन येते. स्थानकासमोरच मिदी कालवा आहे. हा कालवा १६८१ मध्ये सुरू झाला, परंतु खर्चाचा वाटा उचलण्यास गावाने नकार दिल्यामुळे तो बाजूने गेला आणि १८१० मध्ये वळवून येथे आणावा लागला. कालवा ओलांडला की काटकोनात आखलेल्या सरळ रस्त्यांचे खालचे शहर, म्हणजे बास्तीद, लागते. मंगळवारी, गुरुवारी किंवा शनिवारी सकाळी येथे पोहोचल्यास कार्नो चौकातला बाजार पाहता येतो. पुढे चौदाव्या शतकातला जुना पूल येतो. त्यावरून केवळ पादचाऱ्यांना जाता येते आणि अख्खा कोट एका नजरेत मावतो तो येथूनच.

पुलावरून चढण घेऊन ओद दरवाजाने वर यावे, पण लगेच आत शिरू नये. पडकोट आणि आतला तट यांच्यामध्ये जी रुंद पट्टी आहे तिला 'लिस' म्हणतात. तेथे तिकीट नाही आणि गर्दीही बेताचीच असते. तिच्या उत्तरेकडच्या भागात आतल्या तटाजवळ जाऊन उभे राहावे. लहान चौकोनी दगडांचे थर आणि त्यांमधून आडव्या धावणाऱ्या लाल विटांच्या रांगा दिसल्या, की ते रोमन काळाच्या अखेरचे, तिसऱ्या-चौथ्या शतकांतले काम समजावे. येथले बुरूज बाहेरून अर्धगोल आणि आतून सपाट आहेत. आता नजर खाली न्यावी. तेराव्या शतकात राजाच्या बांधकामकारांनी लिस सपाट करण्यासाठी जमीन खणून खाली नेली, तेव्हा रोमन भिंतीचा पाया उघडा पडला आणि त्याखाली नवे दगड भरून आधार द्यावा लागला. त्यामुळे जुनी भिंत वर आणि नवी तिच्या खाली, असा उलटा प्रकार येथे पाहायला मिळतो. वरचा थर नेहमीच नवा असतो, हा आपला समज येथे पुरता फसतो.

ही जमीन का खणली गेली, हे कळण्यासाठी १२०९ सालाकडे वळावे लागते. त्या काळी कार्कासोन त्रांकावेल घराण्याच्या ताब्यात होते आणि या मुलखात काथार पंथ रुजला होता. दृश्य जग वाईट शक्तीने निर्माण केले असे मानणाऱ्या या ख्रिस्ती पंथाला चर्चने पाखंडी ठरवले आणि पोप तिसरा इनोसंट याने त्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले. जुलैमध्ये बेझिये शहरात कत्तल झाली. ऑगस्टच्या आरंभी सैन्य कार्कासोनला येऊन भिडले. तट मजबूत होते, परंतु नदीचा रस्ता तुटला आणि उन्हाळ्यात आश्रितांनी भरलेल्या गावाला विहिरींचे पाणी पुरेना. १५ ऑगस्टला कोट शरण गेला, रहिवाशांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढण्यात आले आणि तरुण रेमों-रोजे त्रांकावेल त्याच वर्षी कैदेत मरण पावला. पुढे कोट फ्रान्सच्या राजाकडे गेला. १२४० मध्ये त्रांकावेलच्या मुलाने तो परत घेण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्यानंतर नववा लुई याने तटालगतच्या वस्त्यांतील लोकांना हुसकावून नदीपलीकडे वसवले. आपण ओलांडून आलो ते काटकोनी शहर असे जन्मले.

पडकोट याच लुईच्या काळातला आहे. त्याचे बरेचसे बुरूज आतल्या बाजूने उघडे ठेवलेले आहेत, म्हणजे शत्रूने बुरूज घेतलाच तरी आतल्या तटावरून होणाऱ्या माऱ्यापासून त्याला आडोसा मिळू नये. लुईचा मुलगा तिसरा फिलिप याच्या काळातले चिरे कडेला घासून मध्ये फुगीर ठेवलेले आहेत. नारबोन दरवाजाच्या जोडबुरुजांवर ते सहज ओळखू येतात. तटाच्या तीन पिढ्या ओळखता येऊ लागल्या की अर्धी सहल सार्थकी लागली.

१६५९ च्या करारानंतर स्पेनची सरहद्द पिरेनीज पर्वतापर्यंत सरकली आणि कोटाचे काम संपले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो पाडण्याची वेळ आली होती. स्थानिक इतिहासप्रेमी क्रो-मेरव्येय आणि लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांच्या खटपटीमुळे तो वाचला. १८५३ पासून वास्तुविशारद व्हियोले-ल्-द्यूक याने डागडुजी हाती घेतली. बुरुजांवरची निमुळती, करड्या पाटीच्या दगडाची छपरे त्याचीच. दक्षिणेत उतरती कौलारू छपरे असतात, ही टोकदार टोपी उत्तरेची, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. माझ्या मते टीका रास्त आहे; मात्र त्याने हात घातला नसता तर टीका करायलाही काही उरले नसते.

आत शिरल्यावर दोनच ठिकाणी वेळ घालवावा. बाराव्या शतकातल्या काँताल किल्ल्याला तिकीट आहे, पण त्यातच तटावरून चालण्याची परवानगी मिळते आणि पुन्हा उभारलेले लाकडी सज्जे जवळून दिसतात. या सज्ज्यांच्या तळातील फटींतून खाली शत्रूवर दगड टाकता येत. दुसरे ठिकाण सेंट-नाझेर बॅसिलिका, म्हणजे येथले मोठे चर्च. तिचा मध्यभाग रोमनेस्क, जाड खांबांचा आणि अंधारा आहे. पुढचा भाग गॉथिक, रंगीत काचांनी उजळलेला आहे. उन्हे काचांवर असतील अशा वेळी जावे.

नारबोन दरवाजापाशी दाम कार्कासचा पुतळा दिसेल. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने वेढा घातला असता या राणीने उरलेला गहू डुकराला चारून ते तटावरून खाली फेकले आणि आत धान्य मुबलक असल्याचे भासवले, अशी दंतकथा आहे. वेढा उठल्यावर तिने घंटा वाजवल्या आणि 'कार्कास सोन', म्हणजे कार्कास घंटा वाजवते, यावरून गावाला नाव पडले म्हणतात. कथा गोड असली तरी 'कार्कासो' हे नाव रोमनांच्या काळापासूनचे आहे.

कासुले हा पांढऱ्या घेवड्याचा, बदक आणि डुकराच्या मांसासह मातीच्या भांड्यात शिजवलेला पदार्थ इथे सर्वत्र मिळतो. शाकाहारी व्यक्तींनी केवळ 'घेवडा' ऐकून तो मागवू नये, बाजारातला पाव, बकरीच्या दुधाचे चीज आणि फळे घ्यावीत. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही असह्य होतात, म्हणून एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा. १४ जुलैला तटांमागून होणारी आतषबाजी पाहायचीच असेल तर मुक्कामाची सोय फार आधी करावी आणि संध्याकाळी नदीकाठी लवकर जागा धरावी. एरवीही एक रात्र राहावे. दिवे लागल्यावर पुलावर पुन्हा जाऊन सकाळी पाहिलेला तोच कोट पाहता येतो.