बोटीचा ट्रेलर ओढताना अ‍ॅव्हरेज कसे वाढवावे

गोव्यात फोंड्याहून शिवोलीला बोट नेताना एकदा कुंडईच्या चढावर गाडीचा जीव गेला. दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना. बाजूला घेऊन ताडपत्री उचलली, तर बोटीत घोटाभर पाणी. 3 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद तळात 5 सेंटीमीटर पाणी साचले, तरी ते 150 लिटर, म्हणजे 150 किलो होते. म्हणून सर्वांत आधी बोटीच्या मागचे बूच काढा, पाणी पूर्ण जाऊ द्या. बोट पाण्यात सोडण्यापूर्वी बूच लावायचे मात्र विसरू नका. नांगर, जाळी, जादा डिझेलचे कॅन यांतले त्या दिवशी लागणार नाही ते घरीच ठेवा.

मग टायर. गाडीची हवा आपण बघतो, ट्रेलरची कोणी बघत नाही. पावसाळाभर उभ्या ट्रेलरचे टायर बसलेले असतात आणि नरम टायर डिझेल खातो. टायर थंड असतानाच, ट्रेलरसाठी सांगितली आहे तेवढी हवा भरा.

खाऱ्या पाण्यामुळे खरे नुकसान होते ते बेअरिंगचे. वाटेत बाणस्तारीला पोचल्यावर थांबा आणि चाकाच्या मधल्या भागाला जपून हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जाम आहे किंवा ब्रेक चिकटलाय, आणि तुमचे डिझेल तिथे जळतेय. शिवोलीला पोचल्यावरही तापलेली चाके लगेच पाण्यात उतरवू नका. गरम बेअरिंग एकदम थंड झाले की आत खारे पाणी ओढले जाते. पंधरा-वीस मिनिटे थांबा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि ग्रीस वेळेवर बदला.

ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण 5 ते 10 टक्के भार गाडीच्या मागच्या, ट्रेलर जोडायच्या हुकावर यावा, म्हणजे 600 किलोला 30 ते 60 किलो. भार मागे गेला तर ट्रेलर शेपूट हलवतो. ते धोक्याचे आहे, इंधनाचा हिशोब त्यानंतरचा.

ताडपत्री घट्ट आवळा. फडफडणारे कापड वारा धरते.

आता वेग. वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 80 ऐवजी 60 ने गेलात तर तो सुमारे 44 टक्क्यांनी घटतो, आणि 30 किलोमीटरला वेळ जातो तो फक्त साडेसात मिनिटे जास्त. चढ यायच्या आधीच गिअर खाली घ्या. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवून काही वाचत नाही. उतारावर न्यूट्रल कधीच नको. हल्लीच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की डिझेल जवळपास बंदच होते, शिवाय ब्रेकवरचा ताणही कमी होतो. पर्वरीच्या गर्दीत पुन्हा पुन्हा थांबून सुटण्यापेक्षा पहाटे निघा.

फरक पडला का, हे डिझेलच्या काट्यावरून कळत नाही. निघताना टाकी फुल करा, परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि किलोमीटरला लिटरने भागा. एक फेरी जुन्या पद्धतीने, एक नव्या पद्धतीने, तेवढाच माल घेऊन.