हेअर ट्रान्सप्लांट करताय? आधी या चुका टाळा

भातलावणीला रोपांचा तरवा कमी पडला तर शेजाऱ्याकडून दोन मुठी मागून आणता येतात. डोक्याच्या बाबतीत ती सोय नाही. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मागे जो केसांचा पट्टा राहतो, तीच तुमची रोपवाटिका. तिथून काढलेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही. दाढीचे केस भर म्हणून वापरता येतात, पण ते जाड आणि राठ, त्यामुळे पुढच्या रांगेत उठून दिसतात. ट्रान्सप्लांटने नवा केस तयार होत नाही, असलेला केस जागा बदलतो. बहुतेक फसलेल्या केसेसमध्ये ऑपरेशनपेक्षा आधीचा हिशोब चुकलेला असतो.

पुरुषी टक्कल डीएचटी या हार्मोनमुळे पडतं. कपाळावरची आणि भोवऱ्याची मुळं त्याने बारीक होत जातात, मागच्या पट्ट्यातली सहसा होत नाहीत. ती मुळं पुढे आणून लावली तरी आपला गुण सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ साली मांडलं. सगळी शस्त्रक्रिया याच तत्त्वावर उभी आहे.

हिशोब कुठे चुकतो

ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढून लावलेला केसांचा छोटा पुंजका. एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोन केस असतात. मागचा पट्टा विरळ न दिसू देता आयुष्यभरात मिळून साधारण ४००० ते ६००० ग्राफ्ट काढता येतात. आता गणित करा. कपाळापासून टाळूपर्यंतचा भाग ८० चौरस सेंटिमीटर धरला आणि दर चौरस सेंटिमीटरला ३५ ग्राफ्ट लावले, तर तिथेच २८०० लागले. नॉरवुड श्रेणी ६ मध्ये (पुरुषी टकलाच्या १ ते ७ या मोजपट्टीवर सहावी पायरी) उघडा भाग २०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाऊ शकतो. त्याला याच घनतेने ७००० हवेत, आणि तेवढे तुमच्याकडे नाहीत. अशा वेळी पुढचा भाग नीट भरायचा आणि भोवरा विरळ ठेवायचा किंवा सोडून द्यायचा, हाच शहाणपणा. ‘एका सिटिंगमध्ये पूर्ण डोकं’ असं सांगणाऱ्याला हे गणित कागदावर करून दाखवायला सांगा. जाहिरातीतला आकडा ग्राफ्टचा की केसांचा, हेही विचारा. ४००० केस म्हणजे जेमतेम २००० ग्राफ्ट.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कॉलेजातल्या फोटोसारखी खाली उतरलेली हेअरलाइन मागणं. टक्कल अजून सरकत असतं. पुढे लावलेली रांग टिकते, तिच्या मागचे मूळचे केस जातात आणि मधे पडीक जमिनीचा पट्टा राहतो. भुवयांच्या मधल्या बिंदूपासून साधारण ७ ते ८ सेंटिमीटर वर, कोपरे थोडे मागे ठेवून आखलेली रेघ साठीतही शोभते. पहिल्या रांगांत फक्त एक-केसी ग्राफ्ट हवेत. तिथे तीन-केसी लावले की बाहुलीच्या डोक्यासारखं दिसतं.

याच कारणाने औषधं टाळणं ही चूकच. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइडची गोळी उरलेले केस राखण्यासाठी असतात. फिनास्टेराइडमुळे काही पुरुषांत कामेच्छा किंवा ताठरता कमी होते, म्हणून ते डॉक्टरांशी बोलूनच सुरू करा. प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्ततपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगा, कारण तिने आकडा निम्म्यावर येतो. फुटलेली गोळी घरातल्या गरोदर बाईच्या हाती लागू देऊ नका.

हात कोणाचा

डॉक्टरांसाठी नियम करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ साली स्पष्ट केलं की ही शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोगाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी करायची. यूट्यूब किंवा वर्कशॉप पाहून शिकलेलं चालत नाही. तेव्हा विचारा: भूल कोण देणार? ग्राफ्टसाठी चिरा कोण पाडणार? ‘आमची टीम’ हे उत्तर पुरेसं नाही. भुलीच्या इंजेक्शनलाही मर्यादा असते. अॅड्रेनालिनसह लिग्नोकेन किलोला ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला २ टक्क्यांचं सुमारे २४ मिलिलिटर. दिवसभर ताणलेल्या मोठ्या सिटिंगमध्ये ही मर्यादा ओलांडली जाण्याचा धोका वाढतो. आपत्कालीन औषधं आणि ऑक्सिजन जवळ आहे का, हे पाहायला संकोच करू नका.

रक्तदाब, मधुमेह आणि जखमेवर गाठाळ वण उठण्याची सवय आधीच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी ती सुरू केली त्या डॉक्टरांना विचारा. सिगारेट आणि तंबाखू दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर बंद. त्यांनी टाळूच्या त्वचेचा रक्तपुरवठा आटला तर ती काळी पडू शकते. डोक्यात कोंडा किंवा दमट हवेतली बुरशी असेल तर आधी ती बरी करा.

तारीख काढताना

गणपतीला केस हवेत म्हणून जूनमध्ये ऑपरेशन करणाऱ्यांची निराशा ठरलेली असते. दुसऱ्या आठवड्यानंतर लावलेले केस गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे फुटू लागतात आणि खरं रूप बाराव्या महिन्याच्या सुमारास दिसतं. भोवऱ्याला त्याहून जास्त वेळ लागतो. मे महिन्यात लग्न असेल तर ऑपरेशन आदल्या मेच्या आत उरका.

कोकणातल्या आंबा बागायतदारांनी मार्च ते मे टाळावा. उन्हात, घामात, पेट्या उचलताना जखम सांभाळणं जमत नाही. ट्रॉलरवाल्यांना १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी सोयीची, फक्त ओली टोपी किंवा इरल्याचा काठ डोक्याला घासू नये. मात्र त्याच दिवसांत लावणीला उतरायचं असेल तर थांबा. तासन्तास डोकं खाली राहिलं की सूज वाढते आणि रक्त येतं. शिमग्याचे रंगही महिनाभर लांब.

परतीचा प्रवास आणि पहिले दहा दिवस

मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरहून त्याच रात्री एसटीने कोकणात परत निघू नका. खड्ड्यातल्या एका धक्क्याने डोकं खिडकीच्या पट्टीवर आपटतं. एक-दोन रात्री तिथेच राहा, पहिल्यांदा डोकं क्लिनिकमध्येच धुवून घ्या, मग शक्य तिथे रेल्वेच्या खालच्या बर्थवर मानेची उशी लावून या. घरी आल्यावर जपायचं ते जुन्या घराच्या बुटक्या चौकटीला आणि माळ्याच्या वाशाला. ग्राफ्ट निसटण्याचं ते अगदी साधं कारण आहे.

पहिल्या दोन दिवसांत केस ओढला गेला तर मूळ बाहेर येतं. पाच-सहा दिवस खपली ओढली तरी धोका असतो. दहाव्या दिवसापर्यंत मूळ पक्कं बसतं. तोवर ४५ अंशांत डोकं उंच ठेवून झोपा. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सूज कपाळावर आणि डोळ्यांवर उतरते. बर्फ कपाळावर फडक्यातून धरा, ग्राफ्टवर कधीच नाही.

धुण्याच्या पाण्याकडे कोकणात विशेष लक्ष हवं. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी किंवा पावसाळ्यातलं गढूळ पाणी जखमेवर नको. उकळून गार केलेलं पाणी आणि सौम्य शाम्पूचा फेस वापरा. फेस बोटांनी टेकवायचा, घासायचा नाही, वरून तांब्याने हळू धार सोडायची. शॉवरचा जोर दहा दिवस नको. आठव्या-दहाव्या दिवशी फेस दहा मिनिटं ठेवून बोटांच्या पेरांनी हलके गोल फिरवलं की खपल्या सुटतात.

आजीच्या हातचं आवेल, म्हणजे घरी काढलेलं खोबरेल, कितीही शुद्ध असो, जखम भरेपर्यंत डोक्याला लावू नका. हळदीचा लेप आणि पाल्याचा रसही नको. तेल खपली मऊ करतं आणि तिच्यावर धूळ-घाम धरून ठेवतं. तेल कधीपासून लावायचं ते डॉक्टरांकडून विचारून घ्या. दोन आठवडे दुचाकी चालवू नका, कारण हेल्मेट घालायचंही नाही आणि टाळायचंही नाही. समुद्रात पोहणं महिनाभर बंद, ऊन तीन महिने टाळा.

काय दिसलं तर काय

केसासोबत पांढरा ठिपका पडला आणि रक्त आलं नाही, तर बहुधा ती खपली किंवा केसाच्या आवरणाचा भाग असतो. रक्त आलं तर स्वच्छ गॉजने पाच मिनिटं हलका दाब द्या आणि क्लिनिकला कळवा. मागची जागा काही आठवडे-महिने बधिर राहणं नेहमीचं. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात आत अडकलेल्या नव्या केसांमुळे तुरळक पुळ्या येतात, त्यांना कोमट पाण्याचा शेक पुरतो. पुष्कळ पुळ्या, पू, ताप किंवा वाढती लाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

लावलेल्या भागाच्या मध्यावर त्वचा निळसर-काळी पडू लागली तर सकाळची वाट पाहू नका. दर तासाचा उशीर त्वचेला महाग पडतो. आजूबाजूचे मूळचे केस गळताहेत म्हणून लगेच दुसऱ्या सिटिंगचे पैसे भरू नका. ते तात्पुरतं गळणं बहुधा काही महिन्यांत भरून निघतं, आणि रुजलेले ग्राफ्ट किती ते ठरवायला बारा महिने जावे लागतात.