गावचं संग्रहालय काढताय? निदान या चुका तरी टाळा

आपल्या सातारा-सांगली भागात आता बऱ्याच गावांत हौशी लोकांनी इतिहास मंडळं काढलीत. कुठं ग्रामपंचायतीची जुनी खोली मिळते, कुठं देवळाची ओवरी, कुठं कुणाच्या वाड्यातला सोपा. मला याचा मनापासून आनंद आहे आणि बोलावलं की मी जातो. पण जाईन तिथं त्याच त्या चुका दिसतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वस्तू घेतली पण लिहून काहीच घेतलं नाही. एका मंडळानं ९ ऑगस्टच्या कार्यक्रमाला इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या प्रतिसरकारातल्या एका कार्यकर्त्याच्या घरून १९७२ सालचं स्वातंत्र्यसैनिकाच्या सन्मानाचं ताम्रपत्र, तुरुंगातून घरी लिहिलेली पत्रं आणि एक ग्रुप फोटो आणला. हारतुरे झाले, भाषणं झाली, वस्तू कपाटात गेल्या. ज्या काकांनी हे सगळं आणून दिलं ते पुढं वारले. मग घरात वाटण्या झाल्या आणि धाकटी पाती आली, म्हणाली आम्ही नुसतं बघायला दिलेलं, आमचं आम्हाला द्या. थोरली पाती म्हणते भेट दिलं होतं. मंडळाकडं एक ओळ लिहिलेली नाही, मग सांगणार काय? ताम्रपत्र गेलं, पत्रं गेली. ते एक वेळ ठीक, घरातच गेली. पण फोटो मागं राहिला आणि त्यातली सात-आठ माणसं कोण हे आता कुणालाच सांगता येत नाही. काकांना नावं तोंडपाठ होती, कोण कुंडलचा, कोण प्रतिसरकारच्या तुफान सेनेतला, कोण कुणाच्या मळ्यात लपायचा, सगळं ते त्या दिवशी चहा घेताना सांगत होते. समोर पाच-सहा कार्यकर्ते बसलेले, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, आणि रेकॉर्डिंग कुणी केलं नाही. मला आजही याचं फार वाईट वाटतं.

माझी पद्धत साधी आहे. एक जाड बांधणीची नोंदवही, पानांवर आधीच नंबर टाकलेले. वस्तू दारातून आत आली की टेबलावर ठेवायच्या आधी नोंद: क्रमांक, तारीख, देणाऱ्याचं नाव, त्यांच्याकडं ती कुठून आली, भेट आहे की ठेव, ठेव असेल तर किती वर्षांची, अवस्था कशी आहे, आणि देणारा जे सांगतो ते त्याच्याच शब्दांत. दोघांच्या सह्या, वस्तूसकट देणाऱ्याचा एक फोटो. जमिनीसारखी वडिलोपार्जित वस्तू असेल तर भावाभावांची संमती मी आधीच मागतो, लोकांना जरा राग येतो, येऊ दे. कॉम्प्युटरवर एक्सेल करा की, जरूर करा, पण वही आधी. एक्सेल करणारा पोरगा पुण्याला नोकरीला गेला की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो हे मी बघितलंय.

दुसरी चूक लॅमिनेशनची. हिच्याबद्दल मी किती बोललो तरी कमीच. कराडच्या पश्चिमेला एका गावात पाटील घराण्याचा मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, निघाला. त्यात एक महजर होता, म्हणजे वतनाच्या तंट्याचा निवाडा, खाली पाटलाच्या नावापुढं नांगराची निशाणी, बलुतेदारांच्या आपापल्या निशाण्या, अख्खं गाव एका कागदावर उभं होतं. असे कागद लांबच लांब असतात, बंदाला बंद, म्हणजे कागदाच्या पट्टीला पट्टी, चिकटवून केलेले, आणि मध्येच कुणी तुकडा बदलू नये म्हणून सांध्यावर मागच्या बाजूनं शिक्का मारलेला असतो. १ मेला प्रदर्शन होतं, घाई होती, कार्यकर्त्यांनी रुमाल तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात दिला. मशिनमध्ये ए-फोर बसतो, म्हणून दुकानदारानं कागद ए-फोरला कापले. महजराचे तुकडे झाले, सांध्यावरचा शिक्का मधोमध चिरला गेला, आणि हे सगळं प्लॅस्टिकच्या आत कायमचं बंद. गरम करून बसवलेला तो गोंद कागदात मुरतो, ओढून काढायला गेलं तर कागद उलतो. हातकागद आणि काजळीची शाई दोनअडीचशे वर्षं टिकली होती, नुसती घडी उलगडून काचेखाली ठेवली असती तरी चाललं असतं.

तेव्हा लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, फेविकॉल नाही, मागं बॉलपेननं नंबर नाही. नंबर पेन्सिलीनं, कोपऱ्यात, हलक्या हातानं. मांजरपाट धुऊन खळ काढून त्यात कागद गुंडाळायचे, शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवायची पण कागदाला लागू द्यायची नाही. प्रदर्शनात चांगली कलर प्रिंट लावा, मूळ कागद आत राहू दे. लोकांना ओरिजिनलच बघायचं असतं म्हणणाऱ्यांना मी सांगतो, मग लोकांना आत बोलावून दाखवा, हात धुवायला लावून. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो वाईत मिळालेल्या पत्रांवर. आपल्या तालुक्यातल्या माळ्यांवर अजूनही अशी दप्तरं पडून आहेत आणि ज्याला धीर नाही त्यानं त्यांना हात लावू नये हे माझं स्पष्ट मत.

ताम्रपत्र, जुनी नाणी, समया यांना ब्रासो किंवा चिंच लावू नका. कोरड्या मऊ कापडानं धूळ पुसा, बास.

वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांना, ऑइलपेंट देऊ नका, शेंदूर थापू नका, सिमेंटमध्ये गाडू नका. आणि जागेवरून हलवायचाच असेल तर आधी तो कुठं होता, तोंड कुठल्या दिशेला होतं याचे फोटो काढा. शिलालेखाची अक्षरं दिसत नाहीत म्हणून खडू किंवा रंग भरणारे फार आहेत. अंधार पडल्यावर जा, टॉर्च दगडाला अगदी चिकटवून आडवी धरा, दिवसा सपाट वाटणारा दगड वाचता येतो.

लेबलवर आजचा जिल्हा लिहून मोकळं होणं हीसुद्धा नेहमीची चूक. १९४२ च्या कागदावर तासगाव, वाळवा सातारा जिल्ह्यातच असणार, दक्षिण सातारा १९४९ ला वेगळा झाला आणि सांगली जिल्हा हे नाव १९६० ला आलं. कुंडल, आटपाडी औंध संस्थानात होती, सांगली-मिरजेला पटवर्धनांचं राज्य, जतला डफळ्यांचं. तारखांचंही तेच, इसवी सन काढायला शकात सरसकट ७८ मिळवतात, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ येतात. मोडीत 'इसन्ने खमसैन मया व अलफ' दिसलं तर तो सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत अरबी शब्दांत लिहिलेलं साल, ११५२, त्यात ५९९ मिळवले की १७५१-५२. घाई करून लेबल छापलं की तेच चुकीचं साल शाळेची पोरं वहीत उतरवून नेतात.

शेतात नाण्यांचा हंडा सापडला आणि कुणी आणून दिला तर आनंदानं ठेवून घेऊ नका, १८७८ च्या निखात निधी कायद्यानं तो कलेक्टरला कळवावा लागतो. शंभर वर्षांपुढच्या मूर्ती, चित्रं वगैरेंना १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, तो एकदा कुणा वकिलाकडून समजून घ्या.

कृष्णाकाठी असाल तर तळमजल्यावर काही ठेवू नका. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. २००५ ला आलं ते परत येणार नाही म्हणून ट्रंका खालीच ठेवणारे लोक मला माहीत आहेत. कागद भिजलेच तर उन्हात टाकू नका, सावलीत पंख्याखाली, मध्ये टिपकागद घालून आणि तो सारखा बदलत. दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळं पंचनाम्याची वाट बघत बसू नका, फोटो काढा आणि कामाला लागा.

फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं फुटतात. फाईलला नाव नोंदवहीतल्या क्रमांकाचं.

आणि ट्रस्ट नोंदवलेला असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्या बदलाचा चेंज रिपोर्ट द्या. हे काम कुणालाच आवडत नाही, म्हणून ते एका माणसाच्या नावावर टाका आणि दर मीटिंगला त्याला विचारा.