पाचवी स्क्वाड्रन आणि माझी फाडलेली दोन प्रकरणं

प्रबंधाची दोन प्रकरणं मी स्वतःच्या हाताने फाडली आहेत, म्हणून हे सांगतोय. विमानवेधी तोफखान्याला सराव देणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या स्क्वाड्रनवर, म्हणजे विमानांच्या तुकड्यांवर, काम करणार असाल तर वाचाच.

त्यांचं काम तुम्हाला ठाऊक असेल: तोफांना नेम धरायला लांब तारेवर कापडी नळी ओढत त्यांच्यासमोरून उडायचं, रात्री सर्चलाइटवाल्यांना सराव द्यायचा. हेन्ली हे विमान मुळात हलकं बॉम्बफेकी म्हणून बनलं, आणि आयुष्य नळी ओढण्यात गेलं. बिचारं.

आता माझा खड्डा. विषय होता भारतातली पाचवी स्क्वाड्रन. १९२० पासून ती इथे, शेवटी टेम्पेस्ट ही लढाऊ विमानं उडवणारी. १९४९ मध्ये 'तीच' मला वेल्समधल्या पेम्ब्रीला सापडली, स्पिटफायर आणि मार्टिनेट ही विमानं घेऊन नळ्या ओढताना. मी लिहून मोकळा झालो की भारतातली माणसं मायदेशी गेली आणि या कामाला लागली. गोष्ट मस्त जमली होती, फक्त घडलीच नव्हती.

भारतातली स्क्वाड्रन ऑगस्ट १९४७ मध्येच मोडली होती. पेम्ब्रीची होती ती ५९५. १ डिसेंबर १९४३ ला वेल्समधल्याच अबरपोर्थला १६०७, १६०८ आणि १६०९ या तीन फ्लाइट, म्हणजे छोट्या तुकड्या, एकत्र करून ती उभी केली. फेब्रुवारी १९४९ मध्ये तिला पाच हा जुना, मानाचा नंबर दिला. तसाच ६३१ व्या स्क्वाड्रनला २० हा नंबर मिळाला, ६९५ व्या स्क्वाड्रनला ३४. सातबाऱ्यावर नाव दुसरं चढलं, कसणारा तोच! म्हणून कुठलाही नंबर दिसला की आधी विचारा: या तारखेला या नंबराखाली माणसं कुठली, विमानं कुठली?

नंबरवार तयार तक्ते वापरू नका. मी तेच केलं होतं. लंडनच्या क्यूमधल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये स्क्वाड्रनच्या नोंदवह्या 'एअर २७' मध्ये आहेत, किरकोळ तुकड्यांच्या 'एअर २९' मध्ये. नुसतं २७ चाळलंत तर त्या तीन फ्लाइट दिसणारच नाहीत आणि ५९५ आकाशातून पडल्यासारखी वाटेल.

आणि मार्गदर्शक मोठ्या नावाचा नको, तुमची तळटीप उघडून बघणारा हवा. माझ्या सरांनी एकच विचारलं, "टेम्पेस्ट गेली कुठे?" मी गप्प.

घाबरू मात्र नका. नोंदवह्या पहिला महिना रटाळ वाटतात, मग हाताला वळण लागतं. फाडलेली प्रकरणं लिहायला मला अकरा महिने लागले होते, नवी चार महिन्यांत झाली.