मुंबईतून हौशी शर्यतीची मोटार उभी करताना : खर्चाच्या तुलनेची तयारी

मोटार घेण्याआधी एक वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर तीन उभे रकाने आखावेत : स्वतः बांधायची गाडी, कोणीतरी बांधून दोन-चार हंगाम पळवलेली तयार गाडी आणि एखाद्या संघाकडून शर्यतीपुरती भाड्याने घ्यायची गाडी. प्रत्येक रकान्याच्या तळाशी ट्रॅकवरच्या एका तासाचा खर्च यायला हवा. हंगामाचा सगळा खर्च मांडावा, गाडी विकून हाती येतील असे पैसे त्यातून वजा करावेत आणि उरलेल्या रकमेला सराव व शर्यत मिळून भरलेल्या तासांनी भागावे. आम्ही चौघा मित्रांनी हा भागाकार केला नाही, म्हणून आमची जुनी मारुती एस्टीम आम्हाला स्वस्त वाटत राहिली आणि दोन हंगामांत तयार गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे तिच्यावर गेले.

त्यानंतर अंतराचा हिशेब करावा, कारण मुंबईत मोटारशर्यतीचा कायमस्वरूपी ट्रॅक नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे 1990 पासून आणि कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे येथे 2003 पासून शर्यती होत आल्या आहेत, आणि ही दोन्ही ठिकाणे आपल्यापासून बाराशे किलोमीटरच्या पलीकडे आहेत. पनवेलवरून पुण्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 48 हाच पुढे कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करीत इरुंगट्टुकोट्टईवरून चेन्नईला पोहोचतो. पण रोल केज, म्हणजे चालकाला वाचवणारा पोलादी पाइपांचा सांगाडा, बसवलेली, आतून रिकामी केलेली गाडी त्यावरून चालवत नेता येत नाही, कारण कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत असे बदल करण्यास मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार मनाई आहे. म्हणजे ट्रक आला. चार फेऱ्यांच्या, म्हणजे ट्रॅकवर चार वेळा जाव्या लागणाऱ्या, हंगामासाठी जाऊन-येऊन आठ खेपांचे भाडे एका बाजूला लिहावे आणि गाडी तिकडेच एखाद्या शेडमध्ये ठेवण्याचे मासिक भाडे दुसऱ्या बाजूला. माणसांनी रेल्वेने जावे. गाडी तिकडे ठेवली तर भिवंडी किंवा वसईतल्या गाळ्याचे भाडेही वाचते, हा मुद्दा आमच्या फार उशिरा लक्षात आला.

सुरक्षेच्या सामानात घासाघीस करू नये, आणि गाडी स्वतः बांधणाऱ्याचा अंदाज बहुतेक वेळा इथेच कोसळतो. मोटारशर्यतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, नियमांत रोल केजच्या मुख्य कमानीसाठी 45 मिलिमीटर व्यासाचा व 2.5 मिलिमीटर जाडीचा, किंवा 50 मिलिमीटर व्यासाचा व 2 मिलिमीटर जाडीचा, थंड अवस्थेत ओढून बनवलेला आणि बिनजोड पोलादी पाइप सांगितलेला आहे. आमच्या फॅब्रिकेटरने केज सुबक बनवली होती आणि वेल्डिंगची रेघ पाहणाऱ्याला हेवा वाटावा अशी होती, परंतु उरलेला तुकडा सहज हातात घेऊन आत बोट फिरवले तेव्हा आतल्या बाजूने लांबवर गेलेला सांध्याचा बारीक उंचवटा बोटाला लागला. पाइप जोडाचा होता. सगळी केज कापून पुन्हा करावी लागली आणि त्या एका बाबीचा खर्च दुप्पट झाला. म्हणून पाइप आपण स्वतः, दुकानदाराकडून बिल व चाचणीचा दाखला घेऊन आणावा, आणि वेल्डिंग सुरू होण्यापूर्वी प्रत्येक नळीच्या तोंडात बोट घालून पाहावे.

जुना हार्नेस (चालकाला सीटला बांधणारे पट्टे) किंवा जुनी बकेट सीट (अंगाला घट्ट धरणारी शर्यतीची सीट) स्वस्तात मिळत असेल तर आधी शिवलेले लेबल वाचावे. एफआयए 8855-1999 मानकाची सीट उत्पादनापासून पाच वर्षेच चालते आणि नव्या मानकाच्या हार्नेसवर वैधतेचे शेवटचे वर्ष छापलेले असते. स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, मुदत संपलेला पट्टा निघाला तर ट्रकभाडे, प्रवेशशुल्क आणि रजा हे तिन्ही वाया जाते. अमेरिकेत 500 डॉलरच्या गाड्यांची म्हणून जी लेमन्स ही शर्यत प्रसिद्ध आहे, तिच्या त्या मर्यादेतूनही सुरक्षेचे सामान, ब्रेक, चाके आणि टायर वगळलेले आहेत. गाडी कितीही स्वस्त असली तरी हे पैसे वेगळे उभे करावेच लागतात. तिकडच्या स्पेक मिआटाची, म्हणजे एकसारख्या जुन्या माझदा मिआटा गाड्यांच्या शर्यतीची, हौस आपल्याला इथे भागवता येणार नाही, कारण तीन वर्षांहून जुनी मोटार आपल्याकडे सहसा आयात करता येत नाही.

चालवण्याच्या खर्चात टायरला वेगळे पान द्यावे. इंजिन आणि टायर सर्वांना सारखे असले की चढाओढ ताजेपणावर येते, आणि नवा संच कोण किती वेळा चढवतो त्यावर वेळ ठरू लागते. समजा, एक संच 40,000 रुपयांचा आहे; तो तीन फेऱ्या पुरवला तर फेरीला सुमारे 13,300 रुपये पडतात, दर फेरीला बदलला तर पूर्ण 40,000. नवशिक्याने पहिला हंगाम जुन्या टायरवर काढावा, असे माझे ठाम मत आहे. मारुतीच्या 1.3 लिटर इंजिनावर चालणारी एलजीबी फॉर्म्युला 4 सारखी एकआसनी गाडी हलकी असल्याने टायर आणि ब्रेक पॅड कमी खाते, पण चाकाला चाक लागले की सस्पेन्शनचे दांडे वाकतात आणि नवेच घ्यावे लागतात; एस्टीमसारख्या छपराच्या गाडीचा दरवाजा मात्र हातोडीने ठोकून पुढच्या शर्यतीला नेता येतो.

ब्रेक ऑइल स्वस्त आहे, तेव्हा ते वेळेवर बदलावे. डॉट 4 प्रतीचे ऑइल कोरडे असताना किमान 230 अंश सेल्सिअसला उकळते आणि ओलावा शोषल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत येऊ शकते. आपल्या पावसाळ्यात गाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे ऑइल हंगामाच्या सुरुवातीला बदलल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नये.

नेहमीच्या मोटार विम्यात संघटित शर्यती वगळलेल्या असतात, म्हणून अपघाताची रक्कम स्वतःच बाजूला काढावी. ती किती, हे ठरवायला सोपी कसोटी अशी की आज संपूर्ण गाडी भंगारात गेली तर घरच्या हप्त्यांना धक्का लागतो का, हे पाहावे; लागत असेल तर तिसरा रकाना, म्हणजे भाड्याची गाडी, निवडावा. भाडे जास्त वाटते खरे, पण त्यात बहुधा मेकॅनिक, वाहतूक आणि देखभाल येते. मात्र नुकसान कोणी भरायचे आणि किती मर्यादेपर्यंत, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे.

शेवटी मोटारशर्यतीच्या भारतीय महासंघाचे, म्हणजे एफएमएससीआयचे, स्पर्धक लायसन्स आणि वैद्यकीय दाखला यांचे शुल्क लिहावे, आणि सगळी बिले, पाइपचा दाखला व स्क्रुटिनीचे कागद एकाच फाइलमध्ये लावत जावेत. आमची एस्टीम घ्यायला आलेल्या माणसाने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी तीच फाइल मागितली होती.