सरफॅक्टंटच्या पृष्ठताणावर अधिशोषणाचं मॉडेल कसं बसवावं

सरफॅक्टंट म्हणजे साबणासारखे रेणू, जे द्रावणाच्या पृष्ठभागावर जमतात (हेच अधिशोषण) आणि त्याचा ताण कमी करतात. पृष्ठताण आणि संहतीचे आकडे हातात असले की वक्र बसवायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो ते आकडे बसवण्याजोगे आहेत का, हे तपासण्यात. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आधी बघा, मोजताना पृष्ठभाग समतोलाला पोचला होता का. रेणू विसरणाने वर येतात. त्याला लागणारा काळ काढायला पृष्ठभागावरच्या दाटीला (ग) संहतीने (स) भागा, वर्ग करा आणि विसरणांकाने भागा. ग ३ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर आणि विसरणांक ५०० चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद धरला, तर ०.१ मिलिमोलरला सुमारे २ सेकंद, ०.०१ ला ३ मिनिटं आणि ०.००१ ला ५ तास लागतात. (इतक्या पातळ द्रावणात दाटीही कमी असते, त्यामुळे शेवटचा आकडा ही वरची मर्यादा समजा.) घाईने घेतलेलं पातळ द्रावणाचं मोजमाप जास्त ताण दाखवतं आणि वक्र उगाच तीव्र होतो.

लटकत्या थेंबाच्या आकारावरून ताण मोजत असाल, तर आणखी एक अडचण असते. १ मिलिमीटर त्रिज्येच्या थेंबाचं क्षेत्रफळ भागिले आकारमान ३००० प्रति मीटर येतं. म्हणजे ग ३ असताना पृष्ठभागच ०.००९ मिलिमोलर एवढा माल ओढून घेतो. ०.०१ मिलिमोलरच्या द्रावणात मग उरणार काय? एक तर तेवढी संहती वजा करून गणित करा, नाहीतर पसरट भांड्यात, द्रावणाला टेकवलेल्या प्लेटवरची ओढ मोजून ताण काढा.

मायसेल (द्रावणात सरफॅक्टंटच्या रेणूंचे होणारे पुंजके) बनू लागल्यानंतरचे बिंदू काढून टाका. तिथे सुट्या रेणूंची संहती जवळपास वाढत नाही. सोडियम डोडेसिल सल्फेटसाठी ही सीमा २५ अंश सेल्सिअसला सुमारे ८.२ मिलिमोलर आहे. तिच्या आसपास ताण खाली जाऊन पुन्हा वर आला, तर नमुन्यात डोडेकॅनॉलची अशुद्धी आहे. असा नमुना शुद्ध करायला हवा, कितीही चांगलं मॉडेल घेतलं तरी तो सुधारत नाही.

आता समीकरण. लँगम्यूरच्या समोष्णावरून (ठराविक तापमानाला संहतीनुसार पृष्ठभाग किती भरतो, ते सांगणाऱ्या समीकरणावरून) मिळणारं शिश्कोव्स्कीचं रूप:

ताणातली घट = न × आर × टी × ग × नैसर्गिक लॉग (१ + क × स)

इथला ग म्हणजे संपूर्ण भरलेल्या थराची दाटी, क हा अधिशोषणाचा स्थिरांक, आर वायू स्थिरांक आणि टी केल्विनमधलं तापमान. न बिगर-आयनी रेणूंसाठी १, तर मीठ न घातलेल्या एकास-एक आयनी सरफॅक्टंटसाठी २. भरपूर मीठ असेल तर आयनीसाठीही १. संहती मिलिमोलरमध्येच ठेवा. ती मोल प्रति घनमीटरएवढीच असते, त्यामुळे हजाराची चूक टळते.

सुरुवातीचे अंदाज आलेखावरूनच काढा. ताण विरुद्ध नैसर्गिक लॉग-संहती काढली की मायसेलच्या आधीचा भाग जवळपास सरळ दिसतो. त्याचा उतार (चिन्ह सोडून) भागिले न × आर × टी म्हणजे ग. २५ अंशांला आर × टी २४७९ जूल प्रति मोल. दशमान लॉग वापरला असेल तर उताराला आधी २.३०३ ने भागा. हीच रेषा वर वाढवा. शुद्ध पाण्याच्या ताणाला (७२.० मिलिन्यूटन प्रति मीटर) ती जिथे छेदते, ती संहती म्हणजे १ भागिले क. बसवताना क ऐवजी त्याचा लॉग बदलता ठेवा. वक्र जिथे वाकतो तिथले बिंदू नसतील, तर ग आणि क एकमेकांची भरपाई करतात आणि उत्तराला अर्थ उरत नाही.

मोजलेला ताण आणि बसवलेला वक्र यांच्यात उरलेले फरक यादृच्छिक न दिसता लाटेसारखे दिसले तरच फ्रुमकिनच्या मॉडेलकडे वळा. त्यात रेणूंमधल्या आंतरक्रियेचा अ हा तिसरा स्थिरांक येतो:

क × स = (थ ÷ (१ − थ)) × घातांकी (−२ × अ × थ)

ताणातली घट = −न × आर × टी × ग × (नैसर्गिक लॉग (१ − थ) + अ × थ × थ)

थ म्हणजे पृष्ठभागाचा व्यापलेला भाग, घातांकी म्हणजे ई चा घात. थ ० आणि १ च्या मध्ये दुभाजन पद्धतीने (मर्यादा दर वेळी निम्मी करत) शोधा, न्यूटनची पद्धत टोकांना भरकटते. अ २ च्या वर गेला तर एकाच संहतीला थ ची तीन उत्तरं मिळू शकतात, म्हणून ती मर्यादा घाला.

शेवटी ग वरून एका रेणूच्या वाट्याला येणारी जागा काढा. ग ३ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर असेल तर ती ०.५५ चौरस नॅनोमीटर येते. ०.२ च्या खाली आली, तर एवढ्या जागेत सरळ उभी साखळीही मावत नाही. तसं झालं तर मीठ नसलेल्या आयनी सरफॅक्टंटला चुकून न १ धरला गेला का, हे सगळ्यात आधी बघा.