इटलीच्या ग्रुप टूरला निघताय? अस्सल कुठे ठेवलंय ते आधी शोधा

पहिल्या इटली सहलीत फ्लॉरेन्सच्या पिआत्सा देल्ला सिन्योरिया या चौकात मी डेव्हिडच्या पुतळ्यासमोर दहा मिनिटं उभी होते. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पाठ्यपुस्तकात नसला तरी हा पुतळा मी दरवर्षी मुलांना एका जुन्या कॅलेंडरवरच्या चित्रात दाखवायचे. त्यामुळे त्याच्या उजव्या हातावरच्या तटतटलेल्या शिरा बघताना डोळे भरून आले. बसमध्ये येऊन बसले, तर पुढच्या सीटवरचे गृहस्थ मागे वळून म्हणाले, "अहो, ती प्रतिकृती. मूळ पुतळा अकादेमियात आहे. आणि आज सोमवार, अकादेमिया बंद."

मायकेलअँजेलोनं १५०१ ते १५०४ या काळात घडवलेला डेव्हिड १८७३ मध्येच अकादेमिया संग्रहालयात हलवलेला आहे. चौकातला पुतळा १९१० मध्ये बसवलेला. कंपनीच्या कागदावर फक्त "डेव्हिडचा पुतळा" असं छापलं होतं. मूळ की प्रतिकृती, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्याची रुखरुख चार वर्षं राहिली.

मग धाकट्या बहिणीला घेऊन पुन्हा गेले. याही वेळी ग्रुपबरोबरच, कारण बॅगा ओढत स्टेशनं बदलणं आम्हा दोघींच्या गुडघ्यांना झेपत नाही. मात्र निघण्याआधी दोन महिने वही घेऊन बसले आणि प्रत्येक शहरासाठी एकच प्रश्न लिहिला : इथलं अस्सल कुठे आहे?

हा प्रश्न इटलीत फार उपयोगी पडतो. उघड्यावरच्या मौल्यवान वस्तू पाऊस, धूर आणि पुरापासून वाचवायला आत नेल्या आहेत आणि बाहेर त्यांच्या प्रतिकृती ठेवल्या आहेत. ग्रुप टूर बहुतेक वेळ बाहेर, चौकाचौकांतून फिरते, म्हणून आपल्या वाट्याला प्रतिकृती जास्त येतात. व्हेनिसमध्ये सेंट मार्क्स बॅसिलिकाच्या दर्शनी भागावरचे चार घोडे प्रतिकृती आहेत. मूळ घोडे वरच्या मजल्यावरच्या संग्रहालयात. सिएनाच्या पिआत्सा देल कांपोमधलं फोंते गाया हे कारंजं प्रतिकृती. मूळ शिल्पं सांता मारिया देल्ला स्काला या जुन्या रुग्णालयात. फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाचे सोनेरी दरवाजे हीदेखील प्रतिकृतीच. शिल्पकार घिबेर्तीनं १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं ज्यावर काम केलं ते दरवाजे कॅथेड्रलच्या मागच्या संग्रहालयात आहेत. ४ नोव्हेंबर १९६६ च्या आर्नो नदीच्या पुरानं त्यांचे काही चौकोन उखडून काढले होते. रोममध्ये कॅपिटोलिन टेकडीवरचा रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा तसाच : मूळ ब्राँझ शेजारच्या संग्रहालयात. तो वितळवला गेला नाही, कारण मध्ययुगात लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजत होते. ही गोष्ट वर्गात सांगितली असती तर शेवटच्या बाकावरचेही मान वर करून ऐकत राहिले असते.

बुकिंग करण्याआधी

कार्यक्रमाचा कागद हातात आला की शब्द नीट वाचा. "फोटो स्टॉप" म्हणजे उतरा, फोटो काढा, चढा. "पॅनोरमिक टूर" म्हणजे बसच्या काचेतून. "ओरिएंटेशन" म्हणजे रस्त्यावरून चालत, आत न जाता. "प्रवेशासह" किंवा "तिकीट समाविष्ट" असं लिहिलेलं असेल तरच आत जायला मिळतं. मी लाल पेनानं प्रत्येक ठिकाणापुढे "आत" किंवा "बाहेर" असं लिहिलं. बारा ठिकाणांपैकी पाचच "आत" निघाली. पाच मला पुरेशी वाटली, पण आधी कळलं हे महत्त्वाचं.

मग वार बघा. फ्लॉरेन्सची अकादेमिया आणि उफित्सी ही संग्रहालयं सोमवारी बंद. व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मोफत उघडतं आणि तेव्हा गर्दी विचारू नका. सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात, त्याही दिवशी तीच गत. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असतील तर सेंट पीटर्सच्या चौकात भाविकांना भेटतात, तेव्हा चर्चमध्ये सहज जाता येत नाही. तारखा ठरलेल्या असल्या तरी फोन करून विचारा. आमच्या दुसऱ्या सहलीत दहा-बारा जणांनी विचारल्यावर कंपनीनं फ्लॉरेन्सचे दोन दिवस पुढेमागे केले.

आणखी दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. शहराचा पर्यटन कर कोण भरणार? तो माणशी, रात्रीगणिक हॉटेलात भरायचा असतो आणि पुष्कळदा टूरच्या पैशांत धरलेला नसतो. आणि कलोसियमच्या तिकिटावर तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच जाणार ना? तिथली तिकिटं नावानिशी असतात आणि दारावर ओळखपत्र बघतात. आमच्यातल्या एका बाईंचं तिकीट माहेरच्या नावानं निघालं होतं आणि दारावर वीस मिनिटं गेली.

बस, ड्रायव्हर आणि वेळ

ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त कटकट उशिरावरून होते. यामागचा नियम माहीत असला तर राग येत नाही. युरोपात बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला नऊ तासच चालवता येतं. आठवड्यातून दोनदा दहा. गाडीतल्या यंत्रात सगळं नोंदलं जातं. सकाळी आपण अर्धा तास उशीर केला, तर तो अर्धा तास संध्याकाळच्या शहरातून कापला जातो. टूर मॅनेजर "काकू, आठ म्हणजे आठ" असं म्हणतो ते त्यासाठी.

दुसरं म्हणजे बस शहराच्या मध्यभागी जात नाही. जुन्या भागात वाहनांना मर्यादा असते, रस्त्यावर "झोना त्राफिको लिमितातो" अशी पाटी दिसते. मोठ्या बसला कडेच्या तळावर थांबावं लागतं आणि पुढे चालायचं. पिसामध्ये तळापासून मनोऱ्यापर्यंत चालून किंवा छोट्या गाडीनं जावं लागतं. सिएना टेकडीवर आहे. व्हेनिसमध्ये बस त्रोंकेत्तो या तळावर थांबते आणि पुढे बोट. दिवसाला दहा-बारा हजार पावलं सहज होतात, तीही ओबडधोबड दगडी फरसबंदीवर. नवे बूट घालून जाऊ नका. निघण्याआधी महिनाभर त्याच बुटांनी रोज चाला. माझ्या बहिणीनं हे ऐकलं नाही आणि तिसऱ्या दिवशी टाचेला पट्टी लावून बसमध्ये बसून राहिली. सिएनाचा चौक तिनं माझ्या फोनमध्ये पाहिला, याचं मला अजून वाईट वाटतं.

गाइडचं ऐकायचं कसं

तुमच्याबरोबर दोन वेगळी माणसं असतात. टूर मॅनेजर जेवण, खोल्या, वेळा सांभाळतो. स्मारकं समजावून सांगायला मात्र इटलीत परवाना असलेला स्थानिक गाइड लागतो, म्हणून प्रत्येक शहरात नवा माणूस भेटतो. तो कानात घालायचं छोटं यंत्र देतो. त्याचा आवाज भिंतीआड गेलात की खरखरतो, म्हणून खरखर सुरू झाली की समजा, आपण मागे पडलोय. एका वायरीचा इअरफोन स्वतःचा जवळ ठेवा, दिलेला कानात बसत नाही.

गाइडला प्रश्न चालताना विचारा, थांब्यावर विचारू नका. थांब्यावर त्याला चाळीस जणांना सांगायचं असतं. चालताना तो मोकळा असतो. मी प्रत्येकाला एकच विचारायची : "हे मूळ आहे का? नसेल तर मूळ कुठे?" रोमच्या गाइड बाई इतक्या खूश झाल्या की मोकळ्या तासात कुठे जायचं ते त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या हातानं लिहून दिलं.

सिस्टाइन चॅपेलमध्ये बोलायला आणि फोटोला मनाई आहे. गाइड आधी व्हॅटिकनच्या अंगणातल्या फलकांसमोर छत समजावून सांगतात, आणि नेमकं तेव्हा अर्धा ग्रुप पाणी प्यायला जातो. तिथे थांबा. मायकेलअँजेलोनं ते छत १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलं. त्यानं बायबलमधल्या नोहाच्या गोष्टींपासून सुरुवात केली. प्रलयाच्या दृश्यात माणसं लहान आणि दाटीवाटीनं आहेत. जसजसा तो वेदीकडे गेला तसतशा आकृती मोठ्या आणि मोजक्या होत गेल्या. हे माहीत असलं की मान वर केल्यावर चित्रकार काम करता करता शिकत गेलेला दिसतो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत; ओढणी पिशवीत ठेवा.

मोकळ्या तासाचं काय कराल

टूरमध्ये प्रत्येक शहरी तास-दोन तास मोकळे मिळतात. बरेच जण खरेदीला जातात. मी बहिणीला सांगितलं, तू पर्स घे, मी येते.

रोममध्ये पँथिऑन या प्राचीन मंदिराला वेळ द्या. आत जायला तिकीट आहे. घुमटाची उंची आणि व्यास दोन्ही साधारण ४३ मीटर, आणि वर मधोमध उघडं भोक. पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून वाहून जातो. चित्रकार राफाएलची समाधी इथेच आहे. तिथून काही मिनिटांवर सान लुइजी देई फ्रांचेझी हे चर्च. प्रवेश मोफत, पण दुपारी बंद असतं. डाव्या बाजूच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं अंधारात असतात. नाणं टाकलं की दिवा लागतो, आणि थोड्या वेळानं विझतो. सुटी नाणी जवळ ठेवा. माझ्या नाण्याचा दिवा विझला तेव्हा शेजारच्या एका अनोळखी आजोबांनी आपलं नाणं टाकलं आणि आम्ही दोघं न बोलता बघत राहिलो.

पाण्यासाठी रोममध्ये बाटल्या विकत घेऊ नका. गल्लोगल्ली लोखंडी नळ आहेत, त्यांना नाझोनी म्हणतात, पाणी पिण्याचं आणि थंड. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या छिद्रातून धार उडते, भांडं नसलं तरी चालतं. स्पॅनिश स्टेप्सवर बसू नका, दंड होतो. मेट्रोत आणि तेर्मिनी स्टेशनवर पर्स पुढे धरा.

पिसाबद्दल थोडक्यात : मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो पाच मिनिटांत होतो. उरलेल्या वेळात शेजारच्या बाप्तिस्मागृहात जा. तिथला कर्मचारी अधूनमधून दोन-चार सूर लावतो आणि घुमट ते सूर एकमेकांत मिसळून परत देतो.

व्हेनिसमध्ये आता २५ पेक्षा मोठा ग्रुप आणि लाऊडस्पीकर चालत नाही, त्यामुळे चाळीस जणांचे दोन भाग पडतात. आपला माणूस कोणत्या भागात ते आधी ठरवा. ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे. व्हेनिसजवळच्या मेस्त्रेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ते माफ असलं तरी सवलतीची नोंदणी करावी लागते. कंपनीनं केली का विचारा. मोकळा वेळ मी घोड्यांना दिला. १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीतून आलेले, १७९७ मध्ये नेपोलियननं पॅरिसला नेलेले, १८१५ मध्ये परत आलेले ते चार घोडे हातभर अंतरावरून दिसतात. वाट चुकलात तर भिंतींवरच्या "पेर सान मार्को" आणि "पेर रिआल्तो" या पिवळ्या पाट्या बघत चला.

शाकाहारी असाल तर "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे" म्हणजे मांस नको, मासे नको, हे पाठ करा. कांदा-लसूण नको असेल तर "सेंत्सा चिपोल्ला, सेंत्सा आल्यो". पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं, हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही. बारमध्ये उभ्यानं कॉफी प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात की दर वाढतो. महामार्गावरच्या थांब्यांवर बहुधा आधी गल्ल्यावर पैसे भरायचे आणि पावती घेऊन काउंटरवर जायचं.

फ्लॉरेन्सची दुपार

दुसऱ्या खेपेला मंगळवारी सकाळी अकादेमियात खरा डेव्हिड पाहिला. उंची पाच मीटरहून जास्त. पण मी तुम्हाला सांगणार आहे ते त्याच दिवशीच्या दुपारबद्दल.

कोल्हापूरचे राजाराम छत्रपती इंग्लंडची भेट आटोपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. त्या वेळी फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि दहनाची तिथे पद्धत नव्हती. खास परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथे १८७४ मध्ये छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारला. जवळच्या पुलाचं नावही पोंते आल्लिंदियानो, म्हणजे भारतीयाचा पूल.

कोणत्याही ग्रुपच्या कार्यक्रमात ही जागा मला दिसली नाही. कशीने या मोठ्या बागेच्या अगदी पश्चिम टोकाला ती आहे. ट्राम बागेजवळून जाते, पण थांब्यापासून बरंच चालावं लागतं. गुडघे दुखत असतील तर हॉटेलातून टॅक्सी बोलवा आणि परतीचीही सांगून ठेवा. टूर मॅनेजरला जागेचं नाव लिहून द्या, फोन चार्ज करा, उजेडात जा, उजेडात या. आम्ही दोघी गेलो तेव्हा एक मुलगा छत्रीच्या पायऱ्यांवर टेकून सायकलची साखळी बसवत होता. आम्ही साडी नेसलेल्या बघून तो उठला, बाजूला झाला आणि पुतळ्याकडे हात करून "इंदियानो" म्हणाला. बहिणीनं पर्समधलं फूल कट्ट्यावर ठेवलं. टॅक्सीवाल्यानं मीटर बंद करून दहा मिनिटं वाट पाहिली.